फोटो बूथ (सॉफ्टवेअर-मांडणी)

समारंभात पाहुण्यांची छायाचित्रे व लघुचित्रफिती टिपून जागेवरच देणारी यंत्रणा. अनातोल जोसेफो यांनी १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २५ सेंटांत ८ छायाचित्रे देणारा बूथ सुरू केला. आता हे काम कॅमेरा, संगणक व प्रिंटर मिळून करतात. सॉफ्टवेअरमध्ये प्रथम कागदाचा आकार ठरवतात. ६×४ इंची प्रत ३०० डीपीआयला १८००×१२०० पिक्सेलची असते. मग चौकट, उलटमोजणी, चित्रफितीची लांबी व क्यूआर कोड निश्चित करतात. सामुदायिक विवाहांसाठी ओळखल्या जाणाऱ्या राळेगणसिद्धीसारख्या (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर) गावी प्रत्येक जोडप्याच्या नावाची चौकट आधीच तयार ठेवणे श्रेयस्कर. मराठी नावांसाठी युनिकोड फॉन्ट वापरून जोडाक्षरांची चाचणी-प्रत अवश्य काढावी. नेटवर्क क्षीण असल्यास फायली संगणकात साठवून नंतर पाठवाव्यात.