यार्देनच्या पाण्याची वाटणी

तानाखमध्ये नामान या अरामी सेनापतीची गोष्ट आहे. कोड जावे म्हणून एलिशा नबीने त्याला यार्देनमध्ये सात वेळा बुडी मारण्यास सांगितले, तेव्हा तो रागावला. आमच्या दमास्कसच्या नद्या यापेक्षा काय वाईट आहेत, असे त्याचे म्हणणे. नदीच्या आकाराबद्दल नामानाचे चुकले असे म्हणता येणार नाही. माणसाने पाणी वळविण्यापूर्वी यार्देन दर वर्षी सुमारे १३० कोटी घनमीटर पाणी मृत समुद्रात नेऊन टाकीत असे. आपल्या सातारा जिल्ह्यातील एकट्या कोयना धरणात आज जवळजवळ ३०० कोटी घनमीटर पाणी मावते. म्हणजे साऱ्या यार्देनचे वर्षाचे पाणी कोयनेच्या निम्म्या जलाशयातही सहज सामावले असते. एवढ्याशा नदीसाठी राजदूतांनी खेपा घातल्या आणि तोफाही डागल्या गेल्या. तो इतिहास आपण समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे ज्या गावांत येऊन राहिली, त्या गावांचा प्रश्न या इतिहासाच्या मध्यभागी आहे.

प्रथम नदीचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. हेर्मोन पर्वताच्या पायथ्याशी यार्देनचे तीन उगम आहेत. दान हा सर्वांत मोठा, तो इस्राएलमध्ये, हसबानी लेबनॉनमध्ये, आणि बनियास १९६७ पर्यंत सीरियाच्या ताब्यात होता. हे तिन्ही प्रवाह हुला खोऱ्यात एकत्र होऊन किनेरेत सरोवरात उतरतात. किनेरेतच्या खाली यार्मुक नदी मिळते. ती सीरिया आणि जॉर्डनच्या सीमेवरून येते. पुढे सारे पाणी मृत समुद्राला जाते. वरच्याने पाणी अडविले की खालच्याचे कमी होणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. म्हणूनच साऱ्या खोऱ्याचा हिशेब एका वहीत मांडावा, ही कल्पना येथे फार लवकर निघाली.

पिन्हास रुटेनबर्ग यांनी यार्देन आणि यार्मुकच्या संगमावर, नाहारायीम येथे वीजकेंद्र उभारले. १९३२ मध्ये ते सुरू झाले आणि १९४८ च्या युद्धात बंद पडले. १९३८-३९ मध्ये अमेरिकेचे भूसंधारणतज्ज्ञ वॉल्टर लाउडरमिल्क येथे आले. १९४४ साली त्यांनी पुस्तक लिहून सुचविले की, अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी नदीसाठी जसे एक प्राधिकरण नेमले, तसे यार्देनसाठी नेमावे. शेती, वीज, पूर आणि जमिनीची धूप या सर्वांचा विचार त्याने एकत्र करावा. भारतातही त्याच टेनेसीच्या नमुन्यावर १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. लाउडरमिल्क यांच्या योजनेत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी होती. वरचे गोडे पाणी दक्षिणेला न्यायचे, तर मृत समुद्रात जी तूट येईल ती भूमध्य समुद्राचे पाणी कालव्याने आणून भरून काढावी, आणि त्या उतारावर वीजही तयार करावी, असे त्यांनी लिहिले होते.

राज्य स्थापन झाल्यावर प्रश्न कागदावर राहिला नाही. सप्टेंबर १९५३ मध्ये इस्राएलने हुलाच्या दक्षिणेस, बनोत याकोव्ह पुलाजवळ कालवा खणण्यास प्रारंभ केला. ती जागा लष्करमुक्त पट्ट्यात होती. सीरियाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार केली, अमेरिकेने मदत रोखली आणि काम थांबले. पाठोपाठ अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एरिक जॉन्स्टन यांना दूत म्हणून पाठविले. हे गृहस्थ पाण्याचे तज्ज्ञ नव्हते. अमेरिकन चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. १९५३ ते १९५५ या काळात त्यांनी बेरूत, दमास्कस, अम्मान, कैरो आणि येरुशलायीम यांच्या फेऱ्या केल्या.

त्यांच्या हाती जो पहिला आराखडा होता, त्याचा नियम सरळ होता : खोऱ्याचे पाणी खोऱ्यातच वापरावे. शास्त्राच्या दृष्टीने हे शुद्धच वाटते. परंतु इस्राएलची मोकळी जमीन नेगेवमध्ये होती आणि नेगेव खोऱ्याबाहेर पडते. त्या नियमावर सही झाली असती, तर यार्देनचा एक थेंबही दक्षिणेला गेला नसता. उलट अरब देशांचा आक्षेप असा की, यार्मुकच्या पुराचे पाणी किनेरेतमध्ये साठविले तर किल्ली शत्रूच्या हाती जाते. दोन्ही बाजूंची भीती खरी होती.

जॉन्स्टन यांनी अखेर मार्ग काढला. प्रत्येकाचा वाटा ठरवावा. तो वाटा कोठे वापरायचा हे ज्याचे त्याने पाहावे. १९५५ च्या आराखड्यात जॉर्डनला सुमारे ७२ कोटी घनमीटर, सीरियाला १३.२ कोटी, लेबनॉनला ३.५ कोटी आणि उरलेले, म्हणजे अंदाजे ४० कोटी, इस्राएलला असे आकडे आले. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना ते बहुतांशी पटले. पण ऑक्टोबर १९५५ मध्ये अरब लीगने मान्यता दिली नाही. ज्या राज्याला मान्यताच नाही, त्याच्याबरोबर पाण्याचा करार कसा करावा, ही त्यांची अडचण होती. कागद बिनसहीचा राहिला.

यानंतरची गोष्ट मोठी विलक्षण आहे. सही झाली नाही, पण इस्राएल आणि जॉर्डन यांनी आपापली कामे साधारणपणे त्याच आकड्यांच्या मर्यादेत केली. अमेरिकेची मदत त्याच अटीवर मिळत होती. जॉर्डनने १९५९ पासून यार्मुकचे पाणी पूर्व तीरावरच्या घोर कालव्यात वळविले. इस्राएलने बनोत याकोव्हची जागा सोडून किनेरेतच्या काठावरून पाणी उचलण्याचे ठरविले. वरच्या जागेवरून पाणी बरेचसे उताराने आले असते. आता समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून अधिक खालून ते पंपांनी चढवावे लागले. हाच मोविल आर्त्सी. जून १९६४ मध्ये तो सुरू झाला. किनेरेतपासून रोश हाआयीनपर्यंत सुमारे १३० किलोमीटर, आणि तेथे तो १९५५ च्या यार्कोन-नेगेव नळाला जोडला गेला.

आपल्यापैकी जे बीरशेबा, दिमोना, येरुहाम येथे वसले, त्यांना या नळाचे मोल सांगावयास नको. अलिबागच्या बाजूला दोन हजार मिलीमीटर पाऊस पाहिलेली माणसे, जेथे दोनशे मिलीमीटरही मोठा मानतात अशा मुलखात आली. आगरात ज्याच्या वाडीत विहीर, त्याचे पाणी. येथे १९५९ च्या कायद्याने स्वतःच्या जमिनीखालचे पाणीही सर्व जनतेचे ठरले. खोऱ्याचा नियम शुद्ध ठेवला असता तर ही गावे कशी वाढली असती, याचा विचार करावा.

पण त्याची किंमतही पडली. जानेवारी १९६४ मध्ये कैरोच्या परिषदेत अरब राष्ट्रांनी वरचे उगमच वळविण्याचे ठरविले. कामे सुरू झाली, इस्राएलने १९६५ आणि १९६६ मध्ये त्यांच्यावर मारा केला. जानेवारी १९६५ मध्ये फताहने आपला पहिला हल्ला या जलवाहिनीवरच योजिला होता. १९६७ च्या युद्धाचे हेच एकमेव कारण नव्हे, परंतु त्या वाटेवरची ही एक पायरी होती.

तरीही बोलणे अगदीच तुटले नाही. शांततेचा करार नसतानाही इस्राएल आणि जॉर्डनचे पाणी-अधिकारी यार्मुकच्या काठी भेटत आणि कोणी किती पाणी घ्यायचे हे ठरवीत. २६ ऑक्टोबर १९९४ रोजी करार झाला, त्यात पाण्याचे स्वतंत्र परिशिष्ट आहे. हिवाळ्यात इस्राएलने यार्मुकमधून २ कोटी घनमीटर जादा घ्यावे आणि उन्हाळ्यात तेवढेच यार्देनमधून जॉर्डनला द्यावे, असे त्यात ठरले. १९५५ साली ज्या साठवणीवरून शंका होती, तीच ३९ वर्षांनी वेगळ्या रूपाने मान्य झाली.

मग राहिले काय? जॉन्स्टन यांच्या वहीत पॅलेस्टिनी लोकांचे वेगळे खाते नव्हते; पश्चिम तीर तेव्हा जॉर्डनमध्ये धरला होता. तो हिशेब अजून मिटलेला नाही. आणि दुसरे खाते नव्हते ते खुद्द नदीचे. किनेरेत गोड राहावे म्हणून त्याच्या काठचे खारे झरे बाजूने काढून खालच्या यार्देनमध्ये सोडले. सांडपाणीही अनेक वर्षे तेथेच गेले. सीरियाने यार्मुकवर धरणे बांधली. प्रत्येकाने आपला वाटा पुरेपूर घेतला. आज मृत समुद्राला पूर्वीच्या दशांशाहूनही कमी पाणी पोहोचते. दोन्ही काठांवरचे क्षारांचे कारखानेही त्याचे पाणी आटवतात. शंभर वर्षांपूर्वी त्याची पातळी समुद्रसपाटीच्या सुमारे ३९० मीटर खाली होती, आता ४३० मीटरहून खाली गेली आहे, आणि दर वर्षी सुमारे एक मीटर उतरते. लाउडरमिल्क यांनी तुटीची भरपाई सांगितली होती. पाणी नेण्याचा भाग सर्वांनी उचलला, भरपाईचा कोणी उचलला नाही.

भारतातही कृष्णेच्या बाबतीत बच्छावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा देऊन महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी पाणी ठरवून दिले. भांडणे तेथेही संपली नाहीत, परंतु निवाडा बंधनकारक करणारा कायदा तेथे होता. यार्देनवर असा कायदा नव्हता, लवादही नव्हता.

२००५ मध्ये अश्केलोनला समुद्राचे पाणी गोड करण्याचा मोठा कारखाना निघाला, पुढे पाल्माखीम, हादेरा, सोरेक आणि अश्दोद येथे निघाले. वापरलेले पाणी शुद्ध करून बहुतेक सर्व शेतीला दिले जाते. आता तर समुद्राचे गोड केलेले पाणी उत्तरेकडे चढवून किनेरेतमध्ये सोडण्याची सोयही केली आहे. २०२१ मध्ये जॉर्डनला आणखी ५ कोटी घनमीटर पाणी विकण्याचे ठरले. पाणी वाढले की भांडण सोपे होते, हे खरे. पण यार्देनची गोष्ट सांगते की हिशेब करताना जो हजर नव्हता, त्याच्याच वाट्याला तूट आली. नवा हिशेब मांडताना नदीचे नाव वहीत पहिल्या ओळीवर लिहावे.