भंडारदऱ्याला तलावाकाठी केबिनमध्ये राहायला जाताय? बुकिंगआधी हे वाचा

लाकडी केबिन, समोर तलाव, मागे डोंगर आणि हातात वाफाळता चहा. असे रील्स पाहून तुमच्याही ग्रुपमध्ये ‘चला भंडारदरा’ असा मेसेज पडला असेल. मुंबई, पुणे आणि नाशिककरांसाठी वीकेंडला जमणारी ही जागा आहे. पण इथला तलाव हा धरणाचा जलाशय आहे आणि जंगल म्हणजे अभयारण्य. त्यामुळे खोली कशी आहे याच्या आधी काही वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

ही जागा नेमकी कुठे आहे?

भंडारदरा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येतं. प्रवरा नदीवरचं इथलं विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि ते १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याची क्षमता सुमारे ११ टीएमसी आहे. धरणामागे पसरलेल्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात.

आजूबाजूचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. १९८६ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे ३६० चौ. किमी आहे. राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड, सांदण दरी आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर ही सगळी ठिकाणं याच पट्ट्यात आहेत.

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी असं यायचं. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता आहे. रेल्वेने येणाऱ्यांना इगतपुरी स्टेशन सोयीचं पडतं.

केबिन की तंबू?

केबिन म्हणजे लाकडाची किंवा पत्रा-फायबरची पक्की छोटी खोली. त्रिकोणी छपराची असेल तर तिला ए-फ्रेम म्हणतात. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर केबिन बरी. पाऊस-वाऱ्याची काळजी कमी होते आणि झोपायला पलंग असतो. मण्यारसारखा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना घडतात, हेही लक्षात घ्या. तंबू स्वस्त पडतो, पण तो कोरड्या दिवसांतच ठीक.

कधी जायचं?

मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा: काजव्यांचा हंगाम. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री लुकलुकतात. गर्दीही याच दिवसांत सर्वात जास्त.

जुलै-ऑगस्ट: धो धो पाऊस. जवळच्या घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. धबधबे भरात असतात, पण दाट धुक्यात घाटात गाडी चालवणं कठीण होतं. या दिवसांत सांदण दरीत उतरणं जिवावर बेतू शकतं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे दिवस उत्तम. आकाश स्वच्छ, तलाव भरलेला आणि रात्री बोचरी थंडी. जाड कपडे न्याच.

बुकिंगआधी मालकाला काय विचारायचं?

जाहिरातीत ‘लेक टच’ लिहिलेलं असलं तरी तलाव एक किलोमीटर लांब असू शकतो. म्हणून आधी नकाशावरचं अचूक लोकेशन मागा. त्यानंतर हे प्रश्न विचारा:

- केबिन कोणत्या गावात आहे? जागा खासगी आहे का? राहण्याच्या व्यवसायाची परवानगी आहे का?
- अभयारण्याच्या नाक्यावर किती शुल्क लागतं? रात्री गाड्यांना प्रवेश कधी बंद होतो?
- शौचालय खोलीतच आहे की बाहेर? पाणी तापवायला गिझर कोणता, गॅसचा की विजेचा?
- रात्रभर कुणी माणूस तिथे थांबतो का?
- जवळचा दवाखाना कोणता आणि सर्पदंशावरची लस तिथे मिळते का?
- पावसामुळे रस्ता बंद झाला तर पैसे परत मिळतील का?

उत्तरं फोनवर मिळाली तरी मेसेजवर लिहून घ्या आणि पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान हवं असेल तर बुकिंग त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरच करा. काजव्यांच्या हंगामात वनविभागाच्या वेळा आणि नियम बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा चौकशी करा.

बंद केबिनमध्ये शेगडी का नको?

थंडी वाजते किंवा पाऊस येतो, म्हणून बार्बेक्यूची शेगडी आत घेतली जाते. धूर येत नाहीये, मग काय हरकत आहे, असं वाटतं. धोका नेमका इथेच आहे.

धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला कितीतरी पटींनी घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे श्वास सुरू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही सुरुवातीची लक्षणं आहेत. पण झोपलेल्या माणसाला ती कळतच नाहीत. केबिन जितकी लहान आणि दारं-खिडक्या जितक्या घट्ट, तितका हा धोका मोठा.

म्हणून शेगडी, पेटता कोळसा किंवा जनरेटर खोलीत नको आणि दाराला लागूनही नको. गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर बसवलेला हवा. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं तर सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर अँब्युलन्स बोलवा.

तलावात पोहायचं का?

नाही. धरणाच्या जलाशयाचा तळ सपाट नसतो. दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला एकदम खोल, असं होऊ शकतं. खाली गाळ आणि बुडालेल्या झाडांची खोडं असतात. पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय त्यात अडकू शकतो. बोटीत बसताना लाइफ जॅकेट घाला आणि त्याचे पट्टे बांधा. दारू प्यायल्यावर काठावर जाऊच नका.

धरणाच्या खालच्या बाजूलाही जपा. पाणी सोडल्यावर प्रवरेची पातळी झपाट्याने वाढते. रंधा धबधब्याच्या कड्यावर सेल्फीसाठी कठडा ओलांडू नका.

जंगलात काय पाळायचं?

अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शेकोटी हवीच असेल तर ती केबिनच्या आवारात, मालकाने ठरवलेल्या जागीच करा आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवा.

काजवे चमकतात ते जोडीदार शोधण्यासाठी. टॉर्च, फ्लॅश आणि गाडीच्या हेडलाइटमुळे त्यांचे इशारे एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून मोबाइल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची थोडी सवय होऊ द्या. झाडाखालच्या गवतात शिरू नका, मादी बऱ्याचदा खालीच असते.

परिसरातल्या गावांमध्ये महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. त्यांच्या घरी आधी सांगून ठेवलं तर गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळतो. रात्री स्पीकर लावाल तेव्हा शेजारी त्यांचीच घरं आहेत, हे विसरू नका.

बॅगेत काय हवं?

टॉर्च, पॉवर बँक, रोख पैसे, रोजची औषधं, प्रथमोपचार पेटी, डास पळवणारं मलम, चांगल्या पकडीचे बूट आणि कचरा परत आणायला एक मोठी पिशवी. नेटवर्क जातं-येतं, त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करून घ्या. केबिनचं लोकेशन आणि मालकाचा नंबर घरी कुणाला तरी देऊन ठेवा. आणि ग्रुपमध्ये प्लॅन ठरत असेल तर निदान शेगडीचा मुद्दा सगळ्यांना फॉरवर्ड करा.