दुखण्यावर विजेचा उतारा

माझ्या आईची कंबर गेली बारा वर्षं दुखते आहे. एक्स-रे झाले, काढे झाले, शेक झाला. एका डॉक्टरांनी तर "वयाचं दुखणं, मनावर घेऊ नका" असं सांगून वाटेला लावलं. शेवटी फिजिओथेरपीच्या बाईंनी कंबरेला चार चिकट पट्ट्या लावून एक छोटं यंत्र सुरू केलं. 'टेन्स' त्याचं नाव. कंबरेत मुंग्या आल्या आणि दुखणं जरा मागे सरलं. हे काय नवीन निघालं म्हणून मी शोधायला लागलो, तर धागा थेट रोमपर्यंत गेला.

इसवी सन ४७च्या सुमारास स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने औषधांवर ग्रंथ लिहिला. पायाच्या गाउटवर त्याचा उपाय असा: रोग्याने लाटा येतात तिथे ओल्या किनाऱ्यावर उभं राहायचं, पायाखाली जिवंत टॉर्पेडो मासा ठेवायचा आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईतो हलायचं नाही. हा विजेचा झटका देणारा मासा. (पाणबुडीतून सोडतात त्या टॉर्पेडोला नाव मिळालं ते याच्यावरूनच.) वीज म्हणजे काय हे माहीत नसताना केलेला हा विजेचा उपचार!

पुढे बॅटरीची यंत्रं आली. अमेरिकेत चार्ल्स विली केंट याने १९१९ साली 'इलेक्ट्रीट'चं पेटंट घेतलं. पण गुण का येतो, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी, १९६५ साली 'सायन्स' या नियतकालिकात. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, नाही का? त्यांचं म्हणणं असं, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे निरोप जाड तंतूंमधून आले, की बारीक तंतूंमधून येणाऱ्या वेदनेची वाट अडते. मेंदूही ते फाटक उघडतो, मिटतो. तपशील पुढे बदलले. पण दुखणं जखमेच्या मापातच असतं असं नाही, हे त्यातून ठसलं. ज्यांचे एक्स-रे स्वच्छ निघतात, त्यांच्यासाठी ही केवढी गोष्ट!

वॉल आणि विल्यम स्वीट यांनी आधी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या नसांवर प्रयोग केला. मग जुनाट वेदनेचे आठ रुग्ण घेतले आणि सेकंदाला शंभर ठोके, मुंग्या येईपर्यंत दिले. दोन मिनिटांच्या प्रवाहानंतर चौघांना अर्ध्या तासाहून अधिक आराम पडला. हे १९६७ साली छापून आलं. त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर विद्युतपट्टी बसवली. अशी शस्त्रक्रिया कुणाला मानवेल, हे अजमावायला ते आधी त्वचेवरून प्रवाह देऊन पाहत. गंमत अशी, की काहींचं तेवढ्यानेच भागलं! आईचं यंत्र या चाचणीच्या यंत्राचंच वंशज.

आता दुसरी बाजू. १९९०मध्ये अमेरिकेत कंबरदुखीच्या १४५ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना खरं यंत्र दिलं, काहींना प्रवाहच न सोडणारं. वेदना कमी झाली खऱ्या यंत्राने ४७ टक्के, खोट्याने ४२. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. व्यायामाचा उपयोग मात्र दिसला. मला वाटतं, या यंत्राला रोगाचं औषध म्हणून विकणं ही फसवणूकच. पण घटकाभराचा उतारा म्हणून ते वापरणाऱ्याला हसू नये.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. "खोटं यंत्र देऊ नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली. "हे लावलं की तेवढ्यात माझ्या सहा पोळ्या उभ्याने होतात."