नावात हिमालय, मूळ आर्मेनियात

आजची गोष्ट सुरू होते एका व्हॉट्सॲप मेसेजपासून.

सिॲटलला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीनं दोन फोटो पाठवले. एकात कुंपणावर चढलेली काटेरी झुडपं, अगदी आपल्या करवंदाच्या जाळीसारखी. दुसऱ्यात तिनं हौसेनं लावलेली बिनकाट्याची ब्लॅकबेरी, पण एकही फळ नाही. खाली लिहिलं होतं, "दादा, ही तुमची हिमालयन ब्लॅकबेरी दरवर्षी कापते तरी माजते. आणि हे लाडाचं झाड थंडीत एकदा छाटलं तर रुसूनच बसलं!"

'तुमची हिमालयन'? मी शोधायला बसलो, आणि सापडला ल्यूथर बरबँक. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाचा हा माणूस झाडांची नवनवीन वाणं काढायचा. फ्रेंच फ्राईजसाठी वापरतात तो रसेट बरबँक बटाटा त्याच्याच बटाट्यातून आलेला. त्याला भारतातून आलेलं ब्लॅकबेरीचं बी मिळालं. फळ मोठं, गोड आणि भरपूर. १८८५ मध्ये त्यानं ते 'हिमालया जायंट' नावानं आणलं. गंमत अशी, की हे झाड मूळचं आर्मेनिया आणि उत्तर इराणकडचं! आज शास्त्रीय नाव रुबस आर्मेनियाकस आहे, पण लोकांच्या तोंडी हिमालयच राहिला.

पुढचं समजायला हे झाड वाढतं कसं ते बघू. ब्लॅकबेरीचं मूळ अनेक वर्षं जगतं, पण फांदी जगते दोनच वर्षं. पहिल्या वर्षी ती फक्त पानं धरते आणि लांब वाढते. दुसऱ्या वर्षी तिला बाजूचे फुटवे येतात, फुलं-फळं लागतात आणि मग ती वाळते. तोवर मुळातून नव्या फांद्या आलेल्या असतात. लांब फांदी वाकून जमिनीला टेकली, की शेंड्याला मुळं फुटतात. झालं नवं झाड! शिवाय पक्षी फळं खाऊन बिया दूरवर टाकतात. अशानं बागेतलं हे झाड नदीकाठी, रस्त्याकडेला पसरलं. आज वॉशिंग्टन आणि ओरेगनमध्ये त्याला तण म्हणतात.

आता बहिणीचं कोडं सुटतं. पुढच्या उन्हाळ्यात फळणाऱ्या फांद्याच तिनं थंडीत सरसकट कापल्या होत्या. कुंपणावर मात्र वरवर कापलं आणि मूळ तसंच ठेवलं. झाडाचा नियम एकच, चूक दोन्हीकडे उलटी.

मी तिला कळवलं: बागेत फक्त फळून गेलेल्या फांद्या काढ, कुंपणाशी मूळ खण. सरसकट छाटायचंच असेल तर पहिल्याच वर्षीच्या फांदीवर फळणारी वाणं घे. आर्कान्सॉ विद्यापीठानं २००४ मध्ये तशी दोन आणली, प्राईम-जिम आणि प्राईम-जॅन.

तिचं उत्तर आलं, "बरं. पण हिमालय तुमचाच!"

भेटू पुढच्या भागात.