कुगाव ते कळाशी, 21 मे 2024

1980. भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं. करमाळ्याचं कुगाव आणि इंदापूरचं कळाशी यांच्यामध्ये पाणी आलं. सोलापूरहून पुण्याला जाणारा महामार्ग पलीकडच्या इंदापूर तालुक्यातून जातो. कुगावकराला तो गाठायचा तर रस्त्याने लांबचा वळसा, नाहीतर बोट. लोक बोटीने जात.

30 एप्रिल 2017. याच जलाशयात सहलीला आलेल्या डॉक्टरांची बोट उलटली. चार डॉक्टर बुडाले. काही दिवस चर्चा झाली. बोटी चालूच राहिल्या.

2021. अंतर्देशीय नौकांसाठी संसदेने नवा कायदा केला: नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधनं. कागदावर सगळं आहे.

मे 2024. उजनीचा उपयुक्त साठा केव्हाच संपलेला, शिल्लक होता तो मृतसाठा. पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं होतं. धरण आटलंय, असंच जो तो म्हणत होता.

21 मे, मंगळवार, संध्याकाळ. कुगावहून बोट सुटली. बोटीत सातजण: करमाळा तालुक्यातलं एक जोडपं, त्यांची दोन लहान मुलं, कुगावचे दोन तरुण आणि एक पोलीस अधिकारी. दिवस वळवाचे. या दिवसांत दुपार कलली की वारा कधी उठेल याचा नेम नसतो, हे काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी बोट निघाली, रोजच निघायची.

सहाच्या सुमारास. पाण्याच्या मध्यावर वादळी वारा सुटला. लाटा काठावरून आत आल्या. बोटीत पाणी भरलं आणि ती उलटली.

त्यानंतर. पोलीस अधिकारी पोहत कळाशीच्या काठाला लागले. बोट बुडाल्याचं गावाला त्यांच्याकडून कळलं. शोध सुरू झाला, पण अंधार पडला होता.

22 मे, सुमारे सतरा तासांनी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला बोट सापडली. 'आटलेल्या' धरणात ती सुमारे 35 फूट खोल होती. आत कुणी नव्हतं.

23 मे, सकाळ. मृतदेह पाण्यावर येऊ लागले. मृतांची संख्या सहा झाली. त्यात दोन्ही मुलं होती.

उजनीत आजही बोटीने जाणं-येणं चालतं. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर बोटीत बसू नका, आणि अंगात घालायला जॅकेट नसेल तर काठावरूनच मागे फिरा.