नवीन वाग्गेयकाराची ग्रंथनिवड

गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. कवितांस चाली लावण्याची विद्या प्रारंभापासून शिकावयाची तर कोणते ग्रंथ घ्यावे, असें त्यानें विचारिलें. पोथ्या बाळगणारापुढें असला प्रश्न आला म्हणजे उत्तर जिभेवर तयारच असतें: संगीतरत्नाकर घे. आम्हीं तेंच सांगितलें व आपली प्रतही दिली. चार महिन्यांनीं तो प्रत परत घेऊन आला. श्रुति, ग्राम व मूर्च्छना ह्यांत तो असा अडकला होता कीं, तेवढ्या अवधींत त्यानें एकही चाल बांधिली नव्हती. दोष आमचा होता. आणि तो ग्रंथसंग्राहकांच्या हातून सहज घडणारा असल्यामुळें त्याची थोडी चिकित्सा येथें करितों.

संगीतरत्नाकर हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं श्रीकरणाचें, म्हणजे हिशेबखात्याचें, काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचिला. पुण्याच्या आनंदाश्रमानें मंगेश रामकृष्ण तेलंग ह्यांच्याकडून शोधवून तो १८९६–९७ सालीं कल्लिनाथाच्या टीकेसह दोन खंडांत छापिला. त्याचे सात अध्याय आहेत, आणि नवशिका साहजिकच पहिल्यापासून वाचूं लागतो. परंतु पहिल्या अध्यायांतील शुद्ध सप्तक म्हणजे आजचें बिलावल नव्हे. दुसऱ्यांतील रागांचीं नांवें ओळखीचीं असलीं तरी रूपें बहुधा निराळीं. ज्याला आज गावयाचें आहे त्यास हे दोन अध्याय इतिहास म्हणून उपयोगी, साधन म्हणून नव्हेत.

त्यानें उघडावयाचा तो तिसरा, प्रकीर्णकाध्याय. त्याच्या आरंभींच वाग्गेयकाराचें लक्षण आहे. शब्दरचना ती मातु व स्वररचना ती धातु. दोन्ही रचितो तो वाग्गेयकार. त्याच्या अंगीं काय असावें ह्याची शार्ङ्गदेवानें दिलेली यादी विलक्षण आहे. व्याकरण, कोश, छंद, अलंकार, रस हीं अपेक्षितच. पण त्यांच्या जोडीस देशोदेशींच्या रीतींची ओळख, दुसऱ्याचें चित्त ओळखणें, राग-द्वेषांचा त्याग, उष्ट्या उक्तीचा स्वीकार न करणें आणि नवा धातु निर्माण करणें हींही आहेत. पुढें तो प्रतवारी लावितो. मातु व धातु दोन्ही उत्तम करणारा तो उत्तम. धातु चांगला पण मातु मंद, तो मध्यम. मातु रम्य पण धातु मंद, तो मात्र अधम! आम्हां संस्कृत शिकलेल्या मंडळींस हें वाक्य रुचणारें नाहीं, कारण आमची सारी पुंजी मातूची.

आणखी एक वर्ग तेथें सांगितला आहे. दुसऱ्याच्या धातूवर आपला मातु बसविणारा तो कुट्टिकार. ह्या व्याख्येनें पाहिलें तर मराठी संगीत नाटकाचा आरंभ बव्हंशीं कुट्टिकाराच्या हातूनच झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० च्या शाकुंतलांत व १८८२ च्या सौभद्रांत कीर्तनांतील, लावणीच्या व कानडी पदांच्या प्रचलित चाली घेऊन त्यांवर शब्द रचिले. ह्यांत उणेपणा आम्ही मानीत नाहीं. नवशिक्यास तर दुसऱ्याच्या धातूवर शब्द बसविण्यासारखा अभ्यास दुसरा नाहीं, कारण कोठें ऱ्हस्वाचें दीर्घ होतें, सम कोणत्या अक्षरावर पडते, हें त्यावांचून कळत नाहीं.

पण ह्याच ठिकाणीं संग्राहकांस लाज वाटावी अशी एक गोष्ट आहे. त्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदांच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या गीताचे पहिले शब्द दिलेले असतात. पदांच्या हस्तलिखित बाडांतही हीच तऱ्हा. फार तर राग व ताल ह्यांचीं नांवें. ज्या गीताकडे बोट दाखविलें तें लोकांच्या तोंडांत होतें तोंवर एवढें पुरत असे. तें विसरलें गेलें कीं बोट उरतें, दिशा उरत नाहीं. आम्हीं बाडांतील शब्दांचे पाठभेद वर्षानुवर्षें ताडून पाहिले. चालीची ओळ मात्र किरकोळ समजून सूचींतून गाळीत आलों. म्हणजे मातु सांभाळला आणि धातूचा उरलेला एकमेव पत्ता आपल्याच हातानें पुसला.

उलट उदाहरण सोमनाथाच्या रागविबोधाचें. शके १५३१ (इ. स. १६०९) च्या ह्या ग्रंथाच्या पांचव्या विवेकांत वीणेवर वाजवावयाच्या रचना स्वरांनीं लिहिल्या असून गमकांच्या प्रकारांस स्वतंत्र चिन्हें योजिलीं आहेत. तेथें धातु आहे, मातु नाहीं.

दोन्ही एके ठिकाणीं हवीं असल्यास नवशिक्यानें विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेकडेच गेलें पाहिजे. तिचे सहा भाग, मूळ मराठींत. कोमल स्वरास खालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमास वर उभी, मंद्र-तारांस खालीं-वर टिंब, एवढ्या खुणांवर प्रत्येक अक्षरावरचा स्वर व ताल कळतो. घराण्यांचे गवई त्यांतील पाठांवर आक्षेप घेतात, व ते कांहीं ठिकाणीं खरेही असतील. परंतु आक्षेप घेण्यासारखा पाठ कागदावर आला हेंच मोठें. त्यांतील लक्षणगीतें तर आमच्या प्रश्नास फारच अनुरूप, कारण रागाचे नियम सांगणारे शब्द त्याच रागांत बांधिलेले आहेत.

हीं पुस्तकें वर्षभर हाताळल्यावर मग रत्नाकराचा चौथा, प्रबंधाध्याय वाचावा. उद्ग्राह, मेलापक, ध्रुव, आभोग हे गीताचे अवयव. त्यांपैकीं मेलापक व आभोग गाळतां येतात, उद्ग्राह व ध्रुव नाहींत. ह्या अवयवांसही तेथें ‘धातु’ हीच संज्ञा आहे. तिसऱ्या अध्यायांतील धातु निराळा. आमचा विद्यार्थी प्रथम येथेंही फसला होता. आतां तो भातखंड्यांच्या चिजांवर स्वतःचे शब्द बसवीत आहे, आणि तिसऱ्या अध्यायाचीं तेवढींच पानें आम्हीं त्यास उतरून दिलीं आहेत.

ज्यांच्या संग्रहीं पदांचीं, लावण्यांचीं अथवा कीर्तनाख्यानांचीं बाडें असतील त्यांनीं माथ्यावरील चालीच्या ओळी जशाच्या तशा, पानाच्या अंकासह, उतरून पाठविल्यास प्रस्तुत लेखक त्यांची सूची करावयास सिद्ध आहे. ज्या ओळीचें मूळ गीत घरांतील कोणा वृद्धेस अद्याप गातां येत असेल, तेथें तसें अवश्य लिहावें.