बिनतारी आणि वाड्याच्या भिंती

सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या माणसाला दौंड स्टेशन नवीन नाही. मात्र याच दौंडला १९२७ साली इंग्लंडहून येणारे बिनतारी संदेश टिपून घेणारे केंद्र उभे राहिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. इकडून संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला आणि तिकडचा संदेश ऐकण्याचे दौंडला, अशी ती योजना होती. समुद्राच्या तळाशी तार न अंथरता हजारो मैलांवरचे शब्द आपल्या रुक्ष माळावर उतरू लागले. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले.

ही झाली जवळपास शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आता आजच्या सोलापुरात येऊ. वेशीच्या आतल्या एका जुन्या वाड्याशी आमचा घरोबा आहे. भिंती दोन हातांहून जाड, दगडमातीच्या. वर माळवद. मधे चौक, मागे माजघर आणि त्यामागे स्वयंपाकघर. २०२० साली टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाइलवर आली, तेव्हा या वाड्यातली मुले ओसरीवर दाटीवाटीने बसत, कारण इंटरनेटचे यंत्र बाहेरच्या बैठकीत होते आणि माजघरात त्याचा मागमूस लागत नव्हता. घरच्या सुनेचा शिकवणीवर्ग तर रांजणाशेजारच्या एका पायरीवरच चाले. तिथून दोन पावले सरकले की आवाज तुटे. सातासमुद्रांपार पोचलेली विद्या दोन खोल्यांपलीकडे का पोचेना, हा प्रश्न तेव्हा आम्हांला पडला, आणि त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला तो येथे मांडत आहोत.

भिंतीचा प्रश्न बिनतारी विद्येच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात, अदृश्य लहरी भिंतींतून पार करून, पलीकडची घंटा वाजवून दाखवली. लोक थक्क झाले. पुढे १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपार संदेश घेतला आणि सर्वांचे लक्ष अंतराकडे लागले. समुद्रावर भिंती नाहीत, आणि वरच्या वातावरणातला विद्युद्भारित थर लहरींना परत पृथ्वीकडे वळवतो, हे या यशामागचे रहस्य पुढे उलगडत गेले. दौंडच्या केंद्राला हीच सोय लाभली होती. शिवाय तिथे उंच मनोरे होते आणि पलीकडे प्रबळ प्रक्षेपक होता.

घरातल्या वायफायचे तसे नाही. त्याच्या एका लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वितीहून कमी. दुसऱ्या, अधिक वेगवान पट्ट्यात तर ती त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. वेगवान लहर भिंतीत अधिक लवकर मरते. जाड दगडमातीत ती शोषली जाते, भिंत ओलावली तर अधिकच, आणि लोखंडी कपाटावर वा पत्र्यावर आपटून परत फिरते. त्यातून शक्ती अगदी बेताची.

आता कोणी म्हणेल, मग मोठे यंत्र आणावे. वाड्यातल्या मंडळींनी आधी तेच केले. जास्त पैशांची जोडणी घेतली आणि अधिक लांब कानांचे यंत्र बैठकीत बसवले. फरक थोडाच पडला. दोष वेगात नव्हताच, तो भिंतीत होता. शिवाय हा संवाद दुतर्फा असतो. यंत्र कितीही मोठ्याने ओरडले, तरी माजघरातल्या मोबाइलचे क्षीण उत्तर त्याला ऐकू आले पाहिजे. नभोवाणी केंद्राला श्रोत्याचे उत्तर ऐकावे लागत नाही, इंटरनेटला ऐकावेच लागते. म्हणून येथे पल्ला ठरतो तो बलवानाच्या आवाजावरून नव्हे, दुबळ्याच्या उत्तरावरून.

यावरचा उपाय म्हणजे आपली जुनी डाकचौकी. एकाच हरकाऱ्याने सारी मजल न मारता, थैली एका चौकीवरून दुसरीवर सोपवत न्यायची. या कल्पनेला आधुनिक रूप मिळाले ते १९६४ साली. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी असे दाखवून दिले की, संदेशाचे लहान तुकडे करून ते अनेक सांध्यांच्या जाळ्यातून पाठवले, तर काही सांधे नष्ट झाले तरी संदेश दुसऱ्या वाटेने पोचतो. सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ताण्याचा एक धागा तुटला म्हणून चादर उसवत नाही. पुढे १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांतले संगणक रेडिओलहरींनी जोडले, कारण समुद्रातून तारा नेणे परवडणारे नव्हते. ऑस्ट्रेलियात जॉन ओसुलिव्हन आणि त्यांचे सहकारी फुटणाऱ्या कृष्णविवरांचे रेडिओसंकेत शोधत होते. ते संकेत सापडले नाहीत, पण विस्कटलेला संकेत पुन्हा जुळवण्याचे त्यांचे गणित भिंतींवरून उसळणाऱ्या लहरींच्या गोंधळावर लागू पडले. १९९० च्या दशकात त्यातून वायफायला मोठा हातभार लागला. अशा यंत्रांचे आपसांतले जाळे, ज्याला आज 'मेश' म्हणतात, त्याचे प्रमाण २०११ साली ठरले.

आपल्याकडे मात्र आणखी एक भिंत होती, ती कायद्याची. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याविना असे यंत्र जवळ बाळगणे गुन्हा ठरवले. घरात रेडिओ ठेवण्यासाठी पोस्टात पैसे भरून परवाना नवा करून आणल्याची आठवण वडीलधाऱ्यांना असेल. २००५ साली वायफायचा मूळ पट्टा परवानामुक्त झाला आणि २०१८ साली वेगवान पट्ट्याचा मोठा भाग. ही मोकळीक नसती, तर घरात तीन यंत्रे मांडून त्यांना आपसांत बोलू देणे साध्या माणसाला शक्यच झाले नसते.

वाड्यात शेवटी काय केले? भिंत फोडून तार नेण्याचा विचार गवंड्याने पाहताक्षणीच मोडून काढला. भोक पाडताच आतली मातीची भर ढासळेल, असे त्याचे म्हणणे पडले. तेव्हा तीन यंत्रे आणली. दुसरे यंत्र प्रथम माजघरात, जिथे काहीच पोचत नव्हते तिथे ठेवले, आणि ते फुकट गेले. चौकी उपाशी गावात घालून चालत नाही. जिथवर थैली धडपणे पोचते तिथेच ती घालावी लागते. मग ते चौकाकडे तोंड करून खांबाला लावले, कारण चौकात लहरींना मोकळी हवा मिळते. तिसरे चौकापलीकडे, माजघराच्या दारात. कोनाडा शोभेला बरा, पण तीन बाजूंनी भिंत, म्हणून तो टाळला. माळ्यावरची पत्र्याखालची जागाही टाळली, कारण आपला वैशाख यंत्रालाही सोसत नाही. प्रत्येक बिनतारी टप्प्यागणिक वेग घटतो, हेही पाहिले. तेव्हा पहिल्या दोन यंत्रांमध्ये चौकाच्या कडेकडेने, दारांच्या चौकटींवरून, भिंतीला धक्का न लावता एक तार नेली. जिथे तार जाते तिथे ती न्यावी. बिनतारीचा अट्टहास नसावा.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पालघर जिल्ह्यात होता. तिथल्या पाड्यांपर्यंत तार नेणे अवघड, म्हणून मुंबईच्या आयआयटीतल्या मंडळींनी दूरदर्शनच्या वापराविना पडून असलेल्या लहरींवरून, 'ग्राममार्ग' या प्रकल्पात, इंटरनेट पोचवून दाखवले. त्या लहरी लांब असल्याने झाडीतून अधिक सहज जातात.

इतिहास सांगताना आपण अटलांटिकचा पल्ला मोजतो, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या लहानपणी रेडिओ बैठकीत असे, आणि बायका दाराआडून गाणी ऐकत. पुढे इंटरनेटचे यंत्र आले तेही त्याच बैठकीत, त्याच फळीवर ठेवले गेले. जागा कोणी मुद्दाम निवडली नव्हती, ती सवयीने ठरली होती. तंत्र बदलले, घराची रीत बदलली नाही. आपल्या घरात यंत्र कुठे आहे, हे आज परतल्यावर एकदा पाहावे, आणि ज्या खोलीत सर्वांत कमी पोचते तिथे कोण बसते, हेही पाहावे.

वाड्यातली सून आता माजघरातूनच शिकवते. परवा आम्ही गेलो तेव्हा रांजणाशेजारची पायरी मोकळी होती. तिच्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या.